हवा पेटवते, हवाच अडवते

घर्र... घर्र... घर्र... रस्त्याच्या कडेला उभ्या ट्रकमधून हा आवाज ऐकलाय कधी? ड्रायव्हरकाका किल्ली फिरवतात, इंजिन जोमात फिरतं, पण चालू काही होत नाही. ‘सेल्फ तर मारतोय, मग गाडी चालू का होईना?’ काका वैतागतात.

सेल्फ म्हणजे इंजिनाला सुरुवातीचा धक्का देणारी विजेची मोटर. ती इंजिन गरगरा फिरवतेय, म्हणजे बॅटरीत दम आहे. मग अडलंय कुठे?

त्याआधी एक गंमत ऐका. पेट्रोलच्या स्कूटरमध्ये ठिणगी टाकणारा स्पार्क प्लग असतो. डिझेल इंजिनात तो नसतोच! मग डिझेल पेटवतं कोण? हवा! इंजिनातला दट्ट्या, म्हणजे पिस्टन, वर येतो आणि सिलिंडरमधली हवा दाबत दाबत मूळ जागेच्या साधारण 17व्या हिश्श्यात कोंबतो. इतक्या झटक्यात दाबलेली हवा तापते, आणि तापते म्हणजे किती, तर 500 अंश सेल्सिअसच्याही वर. शिसं 327 अंशांना वितळतं, यावरून अंदाज करा. त्या धगधगत्या हवेत नोझलमधून डिझेलचा बारीक फवारा उडाला, की तो आपोआप पेट घेतो. आग्नेय आशियातले लोक फार पूर्वीपासून अशी आग पेटवत. एका नळीत दट्ट्या फटकन दाबायचा, की तळाशी ठेवलेला कापसासारखा भुसा धुमसू लागायचा. रुडॉल्फ डिझेल या जर्मन इंजिनिअरने दाबलेल्या हवेच्या याच उष्णतेवर चालणारं इंजिन 1897 साली जर्मनीतल्या आउग्सबुर्गमध्ये यशस्वी करून दाखवलं.

आता आपल्या रुसलेल्या ट्रककडे येऊ. चांगला मिस्त्री बॉनेटला हात लावण्याआधी सायलेन्सरकडे बघतो. काकांना पुन्हा सेल्फ मारायला सांगतो आणि धूर येतोय का, ते पाहतो. पांढरट धूर येत असेल तर डिझेल आत पोचतंय, पण पेटत नाहीये. म्हणजे हवा पुरेशी तापत नाही. थंडी कडाक्याची असेल, पिस्टनच्या रिंगा झिजून हवा निसटत असेल, किंवा दुसऱ्या एखाद्या गाडीत बॅटरी मंदावल्यामुळे इंजिन रेंगाळत फिरत असेल. रेंगाळलं की हवेची उष्णता सिलिंडरचं गार लोखंडच पिऊन टाकतं.

आणि धूर अजिबातच नसेल तर? मग डिझेल सिलिंडरपर्यंत पोचतच नाहीये. मिस्त्री आधी टाकीत डोकावतो, मग फिल्टर तुंबलाय का ते बघतो. टाकी भरलेली, फिल्टर स्वच्छ, तरी धूर नाही, की तो मान हलवून म्हणतो, ‘गाडीने एअर घेतली.’

हा सगळ्यात भारी भाग! सुई नसलेली इंजेक्शनची सिरिंज घ्या. तिच्यात पाणी भरा, तोंड बोटाने घट्ट बंद करा आणि दट्ट्या दाबा. हलत नाही ना? आता तीच सिरिंज हवेने भरून दाबा. दट्ट्या खुशाल आत जातो. ट्रकच्या डिझेल पंपाचंही हेच होतं. जुन्या ट्रकांतलं नोझल उघडायला हवेच्या नेहमीच्या दाबाच्या सुमारे 200 पट दाब लागतो. नळीत नुसतं डिझेल असेल तर पंपाचा धक्का थेट नोझलला बसतो. पण मध्ये बुडबुडा आला, की तो धक्का बुडबुडा आकसण्यातच संपतो आणि नोझल बंदच राहतं. सिलिंडरमध्ये जी दबते म्हणून आग पेटते, तीच हवा नळीत दबते म्हणून आग पेटत नाही!

पण हवा नळीत शिरते कशी? टाकी कोरडी पडली तर शिरतेच. दुसरी वाट मात्र फार लबाड आहे. टाकीपासून, डिझेल ओढून घेणाऱ्या फीड पंपापर्यंतच्या नळीत डिझेल ओढलं जातं. तिथे बारीक चीर असेल, तर चालत्या गाडीत डिझेल बाहेर गळत नाही, उलट बाहेरची हवा आत ओढली जाते. खाली एक थेंब दिसत नाही, आणि बिचारा ड्रायव्हर बुचकळ्यात पडतो.

यावर उपाय म्हणजे एअर काढणं. मिस्त्री फिल्टरवरचा छोटा स्क्रू ढिला करतो आणि फीड पंपाची हाताने दाबायची मूठ खालीवर करत राहतो. आधी फसफसता फेस येतो, मग बुडबुडे विरळ होतात, आणि शेवटी डिझेलची अखंड धार लागते. ती दिसताच स्क्रू आवळायचा आणि सेल्फ मारायचा.

‘कॉमन रेल’ नावाच्या पद्धतीच्या नव्या ट्रकांत डिझेलचा दाब हजारपटीच्याही वर जातो. तिथली बारीक धारसुद्धा कातडी भेदून आत घुसते. म्हणून अशा इंजिनाच्या दाबाच्या नळ्यांना शिकलेल्या मिस्त्रीशिवाय कोणी हात लावायचा नाही. तुम्ही सायलेन्सरकडे बघा आणि धूर येतोय की नाही, ते काकांना सांगा!