विश्लेषण : घडीच्या कयाकला भोक पडल्यास काय करतात? चिकटपट्टीवर भागते की ठिगळच हवे?

पिशवीत मावणारी, बसने किंवा रेल्वेने नेता येणारी आणि पाण्याकाठी बसून जोडता येणारी होडी म्हणजे घडीची कयाक. पण वल्हवणारा आणि पाणी यांच्यामध्ये तिचे जेमतेम एक मिलिमीटरच्या आसपास जाडीचे कापड असते. एखादा धारदार खडक किंवा फुटकी बाटली हे कापड फाडायला पुरेशी ठरते. अशी फाटलेली कयाक दुरुस्त होते का, कशी होते आणि दुरुस्तीवर किती विसंबावे, याविषयी…

घडीची कयाक म्हणजे काय?

या होडीचे मुख्य भाग दोन. आतला लाकडी किंवा अॅल्युमिनियमचा सांगाडा आणि त्यावर ताणून बसवलेले जलरोधक आवरण. अनेक होड्यांमध्ये आवरणाच्या दोन्ही कडांना हवेच्या लांब नळ्या असतात. त्या फुगवल्या की आवरण ताठ होते आणि होडीत पाणी शिरले तरी ती तरंगत राहते. मूळ कल्पना आर्क्टिक प्रदेशातील इन्युइट लोकांची. लाकूड आणि हाडांचा सांगाडा आणि त्यावर शिवलेले सीलचे कातडे, अशी त्यांची होडी असे. टाक्याच्या भोकातून पाणी येऊ नये म्हणून कातडे शिवताना सुई पूर्ण जाडीतून आरपार जाऊ न देण्याची त्यांची पद्धत होती. तिची घडी होणारी आवृत्ती जर्मनीत तयार झाली. आल्फ्रेड हॉयरिश या वास्तुकलेच्या विद्यार्थ्याने १९०५ मध्ये अशी होडी बनवली. तिचे हक्क घेऊन योहान क्लेपर या रोझेनहाइम येथील शिंप्याने १९०७ पासून उत्पादन सुरू केले. या होडीचे आवरण म्हणजे मुळात शिवणकाम असल्याने हा धंदा शिंप्याच्या हाती गेला यात नवल नाही.

एका छिद्रातून किती पाणी शिरते?

पाण्याच्या पातळीखाली १० सेंटिमीटरवर एक सेंटिमीटर व्यासाचे भोक पडले, तर साध्या भौतिकशास्त्राच्या गणितानुसार मिनिटाला सुमारे चार लिटर पाणी आत येते. म्हणजे दहा मिनिटांत ४० लिटरच्या आसपास, दोन मोठ्या बादल्यांहून अधिक. छिद्र टाचणीएवढे, एक मिलिमीटरचे असेल तर हेच प्रमाण शंभर पटींनी घटते आणि तासाला अडीच लिटरच्या आत राहते. म्हणजे टाचणीएवढ्या छिद्राचे पाणी स्पंजने टिपत किनारा गाठता येतो, पण बोटाएवढे भोक तिथल्या तिथे बुजवावेच लागते. हवेच्या नळ्यांमुळे होडी बुडत नाही हे खरे. मात्र आतले पाणी एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला हेलकावते आणि होडी कलंडण्याचा धोका वाढतो. किनाऱ्यापासून दूर, थंड पाण्यात किंवा भरतीच्या ओढीत हा खरा धोका असतो.

इतिहासात अशा फाटण्याचे परिणाम काय झाले?

सर्वात ठळक उदाहरण दुसऱ्या महायुद्धातील. डिसेंबर १९४२ मध्ये ब्रिटिश मरिनच्या तुकडीने फ्रान्समधील बोर्दो बंदरातील जहाजांना सुरुंग लावण्यासाठी ‘ऑपरेशन फ्रँकटन’ हाती घेतले. त्यांच्या होड्यांचा तळ प्लायवूडचा आणि बाजू कॅनव्हासच्या होत्या. त्या चपट्या मिटवून पाणबुडीतून नेता येत. ‘ट्यूना’ या पाणबुडीतून सहा होड्या बाहेर काढताना ‘कॅशलॉट’ नावाची एक होडी फाटली. रात्रीच्या अंधारात, शत्रूच्या किनाऱ्याजवळ दुरुस्तीला वेळ नव्हता. तिच्यावरील दोन सैनिकांना पाणबुडीतच थांबावे लागले. उरलेल्या पाच होड्यांतून निघालेल्या दहा जणांपैकी फक्त दोघे जिवंत परतले.

दुसरे उदाहरण ऑस्कर स्पेक या जर्मन तरुणाचे. तो १९३२ मध्ये डॅन्यूब नदीवरील उल्म येथून घडीच्या कयाकमधून निघाला आणि भारताच्या पश्चिम किनाऱ्याने खाली उतरत, श्रीलंका आणि आग्नेय आशियामार्गे सप्टेंबर १९३९ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या हद्दीत पोहोचला. तोवर महायुद्ध सुरू झाल्याने त्याला शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून स्थानबद्ध करण्यात आले. या सात वर्षांत त्याची एकच होडी टिकली नाही. त्याला जर्मनीहून नव्या होड्या मागवाव्या लागल्या. आवरण कितीही सांभाळले, तरी त्याला आयुष्याची मर्यादा असते.

गळती नेमकी कुठे आहे, हे कसे ओळखायचे?

होडीत दिसणारे सगळेच पाणी छिद्रातून आलेले नसते. वल्ह्यावरून ओघळणारे थेंब, बसण्याच्या जागेतून आत येणारी लाट आणि ओल्या कपड्यांचे पाणीही तळाशी जमते. म्हणून आधी खात्री करतात. होडी आतून पूर्ण कोरडी करून, कोणी आत न बसता, आत थोडे वजन ठेवून शांत पाण्यात अर्धा तास सोडतात. पाणी आले तर गळती नक्की. मग आवरण सांगाड्यावरून काढून त्यात थोडे पाणी ओततात आणि बाहेरून कुठे थेंब जमतात ते पाहतात. बाहेरची बाजू आधी कोरडी पुसलेली असेल तर ओलसर ठिपका लगेच दिसतो. त्याभोवती खडूने किंवा मार्करने खूण करतात. अंधाऱ्या खोलीत आवरणाच्या आत विजेरी धरली तर बारीक छिद्रे उजेडाने कळतात. हवेच्या नळीची गळती मात्र साबणाच्या पाण्याने शोधतात, जिथे बुडबुडे येतात तिथे छिद्र.

पाण्यावर असतानाच फाटले तर?

पहिले काम किनारा, वाळूचा पट्टा किंवा खडक गाठणे. तोवर आतून कापडाचा बोळा किंवा स्पंज दाबून धरला तरी येणारे पाणी बरेच कमी होते. किनाऱ्यावर होडी उलटी करून फाटलेला भाग पुसून वाळवतात आणि त्यावर जाड कापडी चिकटपट्टी, म्हणजे डक्ट टेप, लावतात. ओल्या किंवा वाळू लागलेल्या पृष्ठभागावर ती चिकटत नाही. खारे पाणी सुकले की मिठाचा थर राहतो, म्हणून शक्य असल्यास बाटलीतल्या गोड्या पाण्याने जागा धुऊन घेतात. पट्टीची टोके गोल कापली तर ती पाण्याच्या प्रवाहाने उचकटत नाहीत. पट्टी बाहेरून लावली की पाण्याचा दाबही तिला आवरणावर दाबून ठेवतो, आतून लावली तर तोच दाब तिला सोडवतो. अशी पट्टी परतीचा प्रवास पुरा करते. तिच्या भरवशावर दुसऱ्या दिवशी पुन्हा खोल पाण्यात जाणे धोक्याचे.

सायकलच्या पंक्चरसारखेच ठिगळ का चालत नाही?

कृती तीच आहे : घासणे, सोल्युशन लावणे, ते सुकू देणे, ठिगळ बसवणे आणि दाबणे. फरक सोल्युशनचा आहे. सायकलची ट्यूब रबराची असते आणि पंक्चरचे सोल्युशन रबरासाठीच बनवलेले असते. कयाकची आवरणे मात्र वेगवेगळ्या पदार्थांची असतात. हायपॅलॉन हे कृत्रिम रबर आणि पीव्हीसी हे त्यांतील दोन प्रमुख. पीव्हीसी मऊ राहावे म्हणून त्यात मिसळलेले तेलकट पदार्थ हळूहळू पृष्ठभागावर येतात आणि पंक्चरच्या सोल्युशनचा जोड सैल करतात. त्यामुळे पहिल्या दिवशी घट्ट वाटणारे ठिगळ काही आठवड्यांत सोलून निघते. पीव्हीसीसाठी पॉलियुरेथेनचा गोंद लागतो, तर हायपॅलॉनसाठी त्याचा स्वतंत्र दोन भागांचा गोंद. अलीकडच्या काही कयाक पन्हळी पॉलिप्रॉपिलिनच्या पत्र्याच्या असतात. त्यांना सांगाडा नसतो, पत्र्याच्याच घड्या घालून होडी उभी राहते. या प्लास्टिकवर बहुतेक गोंद धरतच नाहीत. तिथे खास चिकटपट्टी किंवा उष्णतेने वितळवून जोडणे हे पर्याय उरतात.

म्हणून दुरुस्तीचा पहिला प्रश्न ‘भोक केवढे?’ हा नसून ‘आवरण कशाचे?’ हा असतो. त्याचे उत्तर होडीसोबतच्या पुस्तिकेत मिळते. ती नसेल तर आवरणाच्या नजरेआड असलेल्या कोपऱ्यावर अॅसिटोनचा थेंब कापसाने चोळून पाहतात. पीव्हीसी चिकट होते, हायपॅलॉनवर फारसा फरक पडत नाही.

कायमचे ठिगळ कसे लावतात?

ठिगळ शक्यतो मूळ आवरणाच्याच कापडाचे घेतात. ते फाटलेल्या भागाच्या चारही बाजूंनी किमान चार-पाच सेंटिमीटर बाहेर यायला हवे. कोपरे गोल कापतात, कारण ठिगळ सुटायला सुरुवात टोकापासूनच होते. लांब चीर असेल तर आधी तिच्या दोन्ही कडा एकमेकींना भिडतील अशा टाक्यांनी शिवून घेतात, म्हणजे ताण गोंदावर न येता दोऱ्यावर येतो. टाके मेणाच्या किंवा पॉलिस्टरच्या दोऱ्याने घालतात. सुती दोरा ओलीत कुजतो.

त्यानंतर जागेवर ठिगळाच्या आकाराची रेघ मारून आतील भाग साफ करतात. हायपॅलॉन पॉलिश पेपरने त्याची चकाकी जाईपर्यंत घासतात. मग दोन्ही पृष्ठभाग गोंदाच्या उत्पादकाने सांगितलेल्या द्रावकाने पुसतात. गोंदाचा जाड थर एकदा देण्यापेक्षा पातळ थर दोनदा देतात. पहिला पूर्ण सुकल्यावर दुसरा. दुसरा थर बोटाला किंचित चिकट लागेल, पण बोटावर येणार नाही, अशा अवस्थेत आला की ठिगळ एका कडेपासून हळूहळू टेकवत नेतात. मध्ये हवा अडकू देत नाहीत. आवरणाखाली कठीण फळी ठेवून रोलरने किंवा चमच्याच्या पाठीने मधून कडांकडे जोर लावून दाबतात. होडी पाण्यात घालण्याआधी किमान एक दिवस थांबतात. पूर्ण ताकद यायला काही गोंदांना आठवडाही लागतो. डब्यावर छापलेला वेळ पाळणे हेच यातले सर्वात अवघड काम, कारण ठिगळ तासाभरातच पक्के बसल्यासारखे वाटते.

पावसाळी हवेत हे काम का टाळतात?

गोंदातील द्रावक उडून जाताना पृष्ठभाग थंड होतो. हवा दमट असेल तर त्या थंड थरावर डोळ्यांना न दिसणारे बाष्प जमते आणि वर बसवलेले ठिगळ गोंदाला नव्हे, तर पाण्याच्या थराला टेकते. जोड वरून नीट दिसतो, पण ताण आल्यावर सुटतो. कोकण, मुंबई किंवा गोव्यात जुलै महिन्यात हे काम अंगणात करण्यापेक्षा पाऊस ओसरण्याची वाट पाहणे किंवा वातानुकूलित कोरड्या खोलीत करणे चांगले. मात्र बंद खोलीत दुसरी काळजी घ्यावी लागते. या गोंदांची वाफ ज्वालाग्राही असते, शिवाय दोन भागांच्या गोंदातील कडक करणारा घटक श्वसनमार्गाला अपायकारक असतो. त्यामुळे खिडकी उघडी, हातमोजे घातलेले आणि गॅस, उदबत्ती, सिगारेट दूर, हा नियम पाळावाच लागतो.

काय अजिबात लावू नये?

घरातील तीन वस्तूंचा मोह होतो. नळगळतीला लावतात ती एपॉक्सीची लांबी दगडासारखी कडक होते. आवरणाची घडी पडली की ती तडकते. झटपट चिकटणाऱ्या गोंदाचेही तसेच. तिसरी वस्तू सिलिकॉन सीलंट. ते मऊ राहते, पण कापडावर त्याचा असा थर मागे राहतो की पुढे त्यावर कोणताही गोंद नीट धरत नाही. म्हणजे आजची सोय उद्याची खरी दुरुस्ती अशक्य करून ठेवते.

दुरुस्ती करणे केव्हा थांबवावे?

एखादे भोक, एखादी चीर किंवा नळीचे छिद्र हे ठिगळाने बरे होणारे दुखणे आहे. पण घडीच्या रेषांवर सर्वत्र बारीक भेगा दिसू लागल्या, कापडावरील लेप पापुद्र्यांसारखा सुटू लागला किंवा मुख्य शिवण लांबवर उसवली, तर रोग एका जागेचा राहिलेला नसतो. तिथे एक ठिगळ लावले की शेजारी दुसरी गळती सुरू होते. अशा वेळी सांगाडा ठेवून फक्त आवरण बदलता येते. घडीच्या होडीचा हा मोठा फायदा आहे. नवे ठिगळ लावलेली होडी आधी काठाजवळ, कमरेएवढ्या पाण्यात, जीवरक्षक जॅकेट घालून तासभर चालवून पाहतात आणि मगच लांबच्या फेरीला नेतात.

भोके पडूच नयेत यासाठी काय?

बहुतेक झीज पाण्यात नव्हे, तर किनाऱ्यावर होते. माणूस आत बसलेला असताना होडी वाळूवर ओढली की तळाच्या मधल्या दांडीखालचे कापड घासते. म्हणून पाण्यातच उतरून होडी उचलून आणतात आणि तळाच्या त्या रेषेवर झीज सोसणारी जादा पट्टी चिकटवून घेतात. कोकणातील खाड्यांत खडकांवर चिकटलेल्या कालवांच्या कडा सुरीसारख्या असतात, ओहोटीच्या वेळी त्या पाण्याच्या अगदी खाली येतात. दुसरा शत्रू आतला आहे. सांगाडा आणि आवरण यांच्यामध्ये अडकलेली वाळू प्रत्येक हालचालीबरोबर कापड आतून घासत राहते. प्रत्येक फेरीनंतर होडी सुटी करून गोड्या पाण्याने धुणे आणि पूर्ण वाळल्यावरच घडी घालणे, हा त्यावरचा उपाय. ओल्या घडीत सुती कापडाला बुरशी लागते आणि शिवणी कमजोर होतात. सोबत घेण्याचे दुरुस्तीचे सामान मात्र एका डब्यात मावते. चिकटपट्टी, कात्री, सुई-दोरा, कोरडे फडके, पॉलिश पेपर, आवरणाच्या कापडाचे दोन तुकडे आणि त्या आवरणाला चालणारा गोंद. गोंदाची मुदत दर हंगामाच्या सुरुवातीला तपासावी लागते, कारण उघडलेली नळी वर्षभरात बहुधा सुकून गेलेली असते.