परसातील कुक्कुटपालन : खुराड्याचे अर्थशास्त्र

ग्रामीण भारतात कोंबडी हे अल्प भांडवलाचे पशुधन मानले जाते. भूमिहीन मजूर व सीमांत शेतकरी कुटुंबांतील स्त्रियांच्या हाती जी मोजकी मत्ता असते, तीत परसातील कोंबड्यांचा समावेश होतो. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेनुसार देशातील सुमारे ८५.१८ कोटी कुक्कुट पक्ष्यांपैकी सुमारे ३१.७ कोटी पक्षी परसातील होते. २०१२ च्या गणनेच्या तुलनेत ही वाढ जवळजवळ ४६ टक्के होती, तर व्यापारी कुक्कुटपालनातील वाढ सुमारे साडेचार टक्केच होती. मात्र पक्ष्यांची संख्या वाढणे आणि कुटुंबाचे उत्पन्न वाढणे या दोन भिन्न बाबी आहेत. त्यांना जोडणारा, परंतु बहुधा दुर्लक्षित राहणारा दुवा म्हणजे खुराडे होय.

निवाऱ्याची गरज

परसातील पक्षी दिवसा दाणे, किडे व स्वयंपाकघरातील खरकटे यांवर पोसले जातात. त्यामुळे खाद्याचा खर्च अत्यल्प असतो. खरा खर्च दडलेला असतो तो मरतुकीत. रात्री डालग्याखाली, घराच्या कोपऱ्यात किंवा झाडावर बसणारे पक्षी मुंगूस, रानमांजर, साप व पावसाळी ओल यांना बळी पडतात. हैदराबाद येथील कुक्कुट संशोधन संचालनालयाने विकसित केलेल्या वनराजा व ग्रामप्रिया यांसारख्या जाती देशी कोंबडीपेक्षा अधिक अंडी देतात. परंतु त्यांची पिल्ले बहुधा विकत आणावी लागतात. साहजिकच प्रत्येक मृत पक्ष्यामागे रोख पैशाचे नुकसान होते.

कमी खर्चातील रचना

रात्रीच्या निवाऱ्यासाठी मोठ्या पक्ष्याला सुमारे एक चौरस फूट जागा पुरते. म्हणजेच २० पक्ष्यांसाठी ५ फूट लांब व ४ फूट रुंद खुराडे पुरेसे ठरते. ते जमिनीपासून दोन ते तीन फूट उंच खांबांवर उभारल्यास ओल व शिकारी प्राणी यांपासून संरक्षण मिळते. तळाशी बांबूच्या कामट्या थोडे अंतर राखून बसविल्यास विष्ठा खाली पडते, खुराडे कोरडे राहते आणि परसबागेला खतही मिळते. लांबीची बाजू पूर्व-पश्चिम ठेवल्यास ऊन कमी शिरते. छपरासाठी पेंढा, कौले किंवा जुने पत्रे चालतात. पाच कोंबड्यांमागे अंडी घालण्यासाठी एक खोके पुरते.

सर्व सुधारणा एकाच वेळी करणे गरीब कुटुंबाला परवडत नाही. अशा वेळी सीमांत लाभाचे तत्त्व उपयोगी पडते : जेथे नुकसान सर्वाधिक, तेथे पहिला रुपया खर्च करावा. पक्षी रात्री नाहीसे होत असतील, तर घट्ट कडीचे दार व बारीक छिद्रांची जाळी प्रथम बसवावी. पावसाळ्यात ते आजारी पडत असतील, तर उंच तळ व न गळणारे छप्पर यांना अग्रक्रम द्यावा. बांबूच्या फटींत गोचीड व पिसवा वाढत असतील, तर चुन्याची सफेदी हा स्वस्त उपाय आहे.

एक उदाहरण

समजा, खुराड्याचा खर्च २,००० रुपये असून ते चार वर्षे टिकते. त्याचा वार्षिक घसारा ५०० रुपये होतो. २० पिल्लांपैकी खुराड्याविना १० आणि खुराड्यासह १५ वाढतात, तसेच प्रत्येक वाढलेल्या पक्ष्याची किंमत ३०० रुपये आहे, असे गृहीत धरल्यास वर्षाकाठी १,५०० रुपयांचे नुकसान टळते. घसारा वजा जाता १,००० रुपये उरतात आणि मूळ गुंतवणूक सुमारे १६ महिन्यांत वसूल होते. हे आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत. स्थानिक किमतींनुसार ते बदलतील.

पूरक गुंतवणूक

खुराडे राणीखेत अर्थात मानमोडी रोग रोखू शकत नाही. उलट, लसीकरणाविना पक्ष्यांची गर्दी केल्यास रोग वेगाने पसरतो. परंतु झाडावर झोपणारे पक्षी लसीकरणासाठी हाती लागत नाहीत, तर खुराड्यातील पक्षी पहाटे सहज पकडता येतात. लसीच्या एका कुपीत अनेक मात्रा असतात आणि मिसळलेली लस लवकर वापरावी लागते. त्यामुळे वस्तीतील कुटुंबांनी एकाच सकाळी लसीकरण करणे किफायतशीर ठरते. निवारा व लस या अशा रीतीने परस्परपूरक गुंतवणुकी आहेत. एकीविना दुसरीचा परतावा घटतो.

धोरणात्मक बाजू

२००५ च्या महात्मा गांधी राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायद्याखालील अनुज्ञेय वैयक्तिक कामांत पुढे कुक्कुट निवाऱ्याचा समावेश करण्यात आला होता. २०२१-२२ पासून पुनर्रचित राष्ट्रीय पशुधन अभियानात ग्रामीण कुक्कुट उद्योजकतेसाठी ५० टक्के, कमाल २५ लाख रुपयांपर्यंत भांडवली अनुदानाची तरतूद करण्यात आली. तिचा भर जनक पक्षी प्रक्षेत्र, अंडी उबवणी केंद्र व पिल्ले वाढविणारे मातृकेंद्र यांवर आहे. त्यातून दर्जेदार पिल्ले गावापर्यंत पोहोचू शकतील. परंतु ती परसात टिकतील की नाही, हे अखेर खुराड्यावरच ठरेल. म्हणूनच कोणत्याही योजनेचे यश वाटप केलेल्या पिल्लांच्या संख्येवरून न मोजता, वर्षअखेर जिवंत राहिलेल्या पक्ष्यांवरून आणि ते विकून त्या गृहिणीच्या हाती आलेल्या रकमेवरून मोजले जाणे आवश्यक आहे.