मधले तीन महिने

नायजरमधल्या शेतकऱ्याची धान्याची कोठी पाहिली तर आपली कणगी आठवते. गवत विणून किंवा माती थापून केलेली, वाळवी लागू नये म्हणून दगडांवर उचललेली, डोक्यावर गवताचं छप्पर. आत बाजरीच्या कणसांच्या पेंढ्या. ऑक्टोबरच्या सुमारास ती भरते. जून उजाडेपर्यंत बऱ्याच घरांत तिचा तळ दिसू लागतो, आणि नवं कणीस सप्टेंबरआधी सहसा हाती येत नाही. या मधल्या दिवसांना तिथे फ्रेंच भाषेत ‘सुद्यूर’ म्हणतात, म्हणजे डाख देऊन केलेला जोड. जुनं धान्य नव्या धान्याला जोडायचं. पश्चिम आफ्रिकेतल्या या गरीब देशाची अन्नाची सारी कथा या जोडात आहे.

बाजरी मुळातली तिकडचीच. सुमारे ४,५०० वर्षांपूर्वी सहाराच्या दक्षिण काठावर, आजच्या मालीच्या उत्तर भागात ती माणसाळली आणि नंतर समुद्रापलीकडून आपल्याकडे आली. हा प्रवास अजून थांबलेला नाही. महाराष्ट्रात पेरला जाणारा लोहयुक्त ‘धनशक्ती’ हा वाण ज्या जुन्या वाणातून निवडला, त्याचं मूळ टोगोतल्या शेतकऱ्यांच्या गावरान बाजरीत आहे. आपल्या भाकरीवर त्या लोकांचं एवढं देणं आहे.

नायजरच्या दक्षिणेकडच्या चिंचोळ्या पट्ट्यातच पावसावरची शेती होते. पाऊस जून ते सप्टेंबर, बहुतेक ठिकाणी ३०० ते ६०० मिलिमीटर. जमीन रेताड, स्फुरद कमी. शेतकरी लांब दांड्याच्या कुदळीने साधारण मीटरभर अंतरावर खळगे करत जातो, त्यात चिमूटभर बी टाकतो आणि पायाने माती ओढतो. ओळींमध्ये चवळी, जरा भारी जमिनीत ज्वारी. उत्पन्न एकरी दोन क्विंटलच्या आसपास. इक्रिसॅट या कोरडवाहू पिकांच्या संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी तिथे प्रत्येक खळग्यात तीन बोटांच्या चिमटीएवढंच खत घालण्याची पद्धत रुजवली. खत महाग आणि जमीन भुकेली असेल, तिथे हाच व्यवहारी उपाय.

पण दुष्काळ, टोळधाड, नापिकी एवढ्यावर नायजरच्या उपासमारीचा खुलासा होत नाही. २००४ मध्ये पाऊस कमी पडला, टोळही आले. तरी देशाचं धान्य उत्पादन आधीच्या पाच वर्षांच्या सरासरीपेक्षा साधारण ११ टक्क्यांनीच घटलं होतं. एवढ्या तुटीने २००५ मध्ये हजारो मुलं कुपोषण केंद्रांत का आली? त्यातली कितीतरी मुलं मारादी भागातली होती, आणि मारादी तर देशाचं धान्याचं कोठार! त्या वर्षी शेजारच्या नायजेरियातही भाव चढलेले होते, त्यामुळे तिकडून येणारं धान्य आटलं आणि इकडचं धान्य तिकडे ओढलं गेलं. सरकारने आधी सवलतीच्या दरात धान्य विकलं; ज्यांच्या हातात दमडी नव्हती, त्यांना सवलतीचा काय उपयोग?

खरी मेख अशी. सुगी झाली की शेतकऱ्याला उधारी फेडायची असते, लग्नकार्य असतं. सगळेच एकदम विकायला आल्याने भाव पडलेला असतो, तरी तो विकतो. जुलैमध्ये तीच बाजरी त्याला कितीतरी चढ्या भावाने परत घ्यावी लागते. तिथल्या बाजारात धान्य ‘तिया’ नावाच्या मापाने मोजतात, एक तिया साधारण अडीच किलोची. तेवढ्यासाठी तो दुसऱ्याच्या शेतात खुरपायला जातो. नेमकी तेव्हाच त्याच्या स्वतःच्या शेतात निंदणीची वेळ असते. तण माजतं, पीक उतरतं, आणि पुढच्या वर्षी कणगीचा तळ आणखी लवकर दिसतो. यंदाची भूक पुढच्या वर्षीची भूक पेरून जाते. माझ्या मते नायजरबद्दल समजून घ्यायची पहिली गोष्ट हीच आहे, पावसाचे आकडे त्यानंतर.

या चक्राला छेद देणारा एक उपाय तिथल्या गावांत चालतो, आणि आपल्याकडची शेतमाल तारण योजना माहीत असलेल्यांना तो लगेच कळेल. सुगीत धान्य विकायचं नाही, गावच्या गोदामात ठेवायचं. दाराला दोन कुलुपं: एक किल्ली शेतकऱ्यांच्या गटाकडे, दुसरी कर्ज देणाऱ्या संस्थेकडे. कर्जातून निकड भागते आणि भाव चढल्यावर माल सुटतो. मात्र गोदाम आणि पतसंस्था दोन्ही असतील तिथेच हे जमतं.

सीमा बंद झाली की काय होतं, हे २०२३ ने दाखवलं. २६ जुलैला नायजरमध्ये लष्कराने सत्ता घेतली. चार दिवसांत पश्चिम आफ्रिकी राष्ट्रांच्या संघाने निर्बंध लादले. नायजेरिया आणि बेनिनच्या सीमा मिटल्या, कोटोनू बंदराकडून येणारा माल अडकला. त्याच महिन्यात भारतानेही बिगरबासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात थांबवली होती. हे सगळं ऐन सुद्यूरमध्ये घडलं. निर्बंध उठले ते फेब्रुवारी २०२४ मध्ये. सत्ता उलथवणाऱ्या सेनापतींना त्यांची झळ किती लागली कोण जाणे, पण तिया घेऊन बाजारात उभ्या असलेल्या बाईला ती पहिल्याच आठवड्यात लागली. धान्य आणि औषधं अशा निर्बंधांतून वगळायलाच हवी होती.

नायजरमध्ये पाऊस चांगला झाला, पीक भरघोस आलं, अशी बातमी पुढे कधी वाचनात आली, तर जुलैपर्यंत थांबा आणि मारादीच्या बाजारात एका तियाचा भाव काय आहे, तेही शोधून पाहा.