दूरदेशींच्या मित्रास पत्र

वाघोलींतील माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानें परवां विचारलें, "गुरुजी, माझा मॉर्मन मित्र धर्मप्रचारासाठीं परदेशीं गेला. त्याचें पत्र येत नाहीं. मैत्री आटली काय?"

या पंथांतील तरुण दोन वर्षें, तर तरुणी अठरा महिने, विनावेतन ही सेवा करतात. दोघां-दोघांच्या जोडीनें राहावें लागतें. पत्रलेखन व घरकाम यांसाठीं आठवड्याचा एकच दिवस राखलेला असतो. पूर्वीं घरीं दूरध्वनि वर्षांतून दोनदांच करतां येई. फेब्रुवारी २०१९ पासून कुटुंबाशीं दर आठवड्यास बोलतां येतें. तेव्हां उत्तरास विलंब झाला तर रुसूं नये.

मीं एकदां परगांवीं शिकणाऱ्या मुलास 'तुझ्यावांचून घर ओस वाटतें' असें लिहिलें. तो परीक्षा न देतांच परतला. ती चूक मला अजून सलते. म्हणून पत्रांत गांवच्या पावसाची वार्ता द्यावी, त्याच्या दिनक्रमाची विचारपूस करावी. परत बोलावूं नये. धर्मभेदाचीही भीति नको. आनंदीबाई जोशी व अमेरिकेंतील कार्पेंटरबाई यांचा स्नेह १८८० पासून १८८३ मधील भेटीपर्यंत केवळ पत्रांवरच वाढला, आणि आनंदीबाई अखेरपर्यंत हिंदूच राहिल्या.

मित्र परतेल तेव्हां परका वाटूं नये, एवढेंच पत्राचें काम.