ठेव मोडावी की ठेवावी?

लखनौच्या विमानतळाला २००८ साली चौधरी चरणसिंह यांचे नाव देण्यात आले. तथापि येथील रिक्षावाल्याला आजही ‘अमौसी’ म्हटल्याखेरीज पत्ता उमगत नाही. याच परिसरात, कानपूर मार्गावर १९७२ साली ‘स्कूटर्स इंडिया’चा कारखाना स्थापन झाला. ‘विजय सुपर’ स्कूटर आणि ‘विक्रम’ ही तीनचाकी तेथलीच. २०२१ मध्ये कारखाना बंद करण्याचा निर्णय झाला. आसपासच्या कारखान्यांतील निवृत्त कामगार आणि त्यांची कुटुंबे मात्र पासबुक घेऊन शाखेत येतच असतात.

अशाच एका कामगाराच्या वृद्ध पत्नी एकदा तीन लाखांची मुदत ठेव मोडण्यास आल्या होत्या. त्यांचा धाकटा मुलगा जन्मापासून अपंग. राज्य शासनाच्या दिव्यांग निवृत्तिवेतनाचा अर्ज भरताना शेजारच्या कोणीतरी सांगितले होते, खात्यात पैसा दिसला की अर्ज फेटाळतात. “भैया, रुपया निकाल के घर में रख लूँ?” लखनवी अदबीने विचारलेल्या त्या प्रश्नात भीती स्पष्ट दिसत होती.

हा गैरसमज सर्वत्र आढळतो. उत्तर प्रदेशात या योजनेसाठी किमान ४० टक्के अपंगत्व आणि १८ वर्षे पूर्ण असणे आवश्यक असते. दरमहा १,००० रुपये मिळतात. आर्थिक मर्यादा आहे ती वार्षिक उत्पन्नाची, ग्रामीण भागात ४६,०८० आणि शहरी भागात ५६,४६० रुपये. ठेवीच्या मुद्दलाला त्यात स्थान नाही. व्याज मात्र उत्पन्नच होय. करकपात होऊ नये म्हणून बँकेत घोषणापत्र दिले की व्याज हिशेबातून सुटते, असे पुष्कळजण मानतात. ते घोषणापत्र केवळ प्राप्तिकरापुरते असते.

आम्ही कागदावर आकडे मांडले. तीन लाखांवर सात टक्के धरल्यास व्याज २१,००० रुपये. बाईंना कर्मचारी निवृत्तिवेतन योजना, १९९५ अन्वये विधवेचे किमान १,००० रुपये मिळतात, म्हणजे वर्षाचे १२,०००. एकूण ३३,०००. शहरी मर्यादेत सहज बसणारी रक्कम! मुदतीपूर्वी ठेव मोडून त्यांनी व्याज गमावले असते ते निव्वळ अफवेपायी.

खरी अडचण निराळीच निघाली. थोरला मुलगा ट्रान्सपोर्ट नगरात मालवाहू गाडी चालवतो आणि त्याच घराच्या माडीवर राहतो. त्याची महिन्याची कमाई सहा हजार जरी धरली, तरी वर्षाचे ७२,००० होतात. उत्पन्नाचा दाखला तहसील देते आणि त्याची चौकशी लेखपाल करतो. माडीवरचे कुटुंब हिशेबात धरले, तर मर्यादा एकट्या थोरल्याच्याच कमाईने ओलांडली जाते. येथे बँकेतील ठेवीचा काही संबंधच उरत नाही. “चूल वेगळी आहे,” बाई पुनःपुन्हा सांगत होत्या. आपल्या महाराष्ट्रातील संजय गांधी निराधार अनुदान योजनेतही कुटुंबाचेच उत्पन्न पाहतात. एका छपराखाली दोन चुली असणे ही आपल्या समाजातली नित्याची गोष्ट. कागदावर ती उतरवणे कठीण.

१९९५ च्या योजनेत आणखी एक तरतूद आहे, जी फारशी कोणास ठाऊक नसते. सभासदाचे अपत्य कायमचे व संपूर्णतः अपंग असल्यास त्याला वयाची अट न लावता अपत्य-निवृत्तिवेतन मिळते. किमान रक्कम २५० रुपये, म्हणून ती किरकोळ वाटेल. राज्याच्या योजनेत अन्य तत्सम निवृत्तिवेतन घेणाऱ्यास लाभ नाकारला जातो, तेव्हा दोन्हींचे अर्ज करण्यापूर्वी दिव्यांगजन सशक्तीकरण विभागाकडे विचारणा केलेली बरी.

केंद्र सरकारी निवृत्तांची गोष्ट वेगळी. त्यांच्या अपंग अपत्यास हयातभर कुटुंब-निवृत्तिवेतन मिळू शकते. ८ फेब्रुवारी २०२१ च्या आदेशापासून, त्याचे इतर उत्पन्न देय कुटुंब-निवृत्तिवेतनापेक्षा कमी असले म्हणजे पुरते. पूर्वी ९,००० रुपये अधिक महागाई-साहाय्य अशी मर्यादा होती. अशा अपत्याचे नाव आपल्या हयातीतच निवृत्तिवेतन आदेशात नोंदवून घ्यावे, हे आम्ही प्रत्येक निवृत्ताला सांगतो.

बाईंनी ठेव मोडली नाही. व्याजाचे प्रमाणपत्र आणि दोन्ही मुलांच्या शिधापत्रिकांच्या प्रती पदराआड धरून त्या सरोजिनी नगर तहसिलीकडे निघाल्या. जाताना दारातूनच परत वळल्या आणि विचारले, ठेवीवर वारसाचे नाव कोणाचे आहे, धाकट्याचे ना?