रोम, रोहा आणि मिठाची वाट

रोम शहर समुद्रावर नाही. टायबर नदीच्या काठाने सुमारे २५ किलोमीटर आत गेल्यावर ते लागते. आपले पेणही समुद्रावर नाही, ते भोगावतीच्या काठी आहे. आणि रोहा आहे कुंडलिकेच्या काठी. तिन्ही ठिकाणी गाव वसवणाऱ्यांचा हिशेब एकच होता. नदीच्या पाण्यावरून होडी यावी, पण समुद्रावरचा लुटारू थेट दारात येऊ नये.

वर्गात रोमचा धडा चालू असताना एका मुलाने विचारले, "सर, मग रोमचे साम्राज्य झाले आणि रोहा तालुक्याचे गावच का राहिले?" सगळे हसले. पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. त्याचे बरेचसे उत्तर नकाशात सापडते.

टायबर नदीत जिथे एक छोटे बेट आहे तिथे ती ओलांडणे सोपे होते. बाजूला टेकड्या होत्या, त्यामुळे राहायला सुरक्षित जागा मिळाली. टेकड्यांमधली जमीन दलदलीची होती; ती रोमनांनी मोठे गटार खोदून कोरडी केली आणि तिथेच आपला बाजारचौक मांडला. नदीच्या मुखाशी मिठागरे होती. तिथले मीठ डोंगरातल्या लोकांकडे जाई, त्या रस्त्याचे नावच 'मिठाचा रस्ता', लॅटिनमध्ये 'व्हिया सलारिया'. नदीचा उतार ज्याच्या हातात, त्याच्या हातात मीठ आणि वाट दोन्ही. (पगाराला आपण 'सॅलरी' म्हणतो, त्या शब्दाचे मूळही मिठातच आहे. रोमन सैनिकांना पगार मिठात मिळे असे मात्र मुलांना ठासून सांगू नये, त्याला भक्कम पुरावा नाही.)

आता पेणकडे बघा. इथेही खाडी आणि मिठागरे. 'आगरी' हे नावच आगरावरून पडले. अंतोऱ्याच्या बंदरातून माल ये-जा करी आणि बोरघाटाच्या वाटेने बैलांच्या पाठीवरून मीठ देशावर जाई. परतताना तेच बैल धान्य घेऊन येत. म्हणजे रोमचा सगळा संसार इथेही होता. फरक पडला तो डोंगराने. इटलीतही अपेनाईन्स पर्वत आहे, पण टायबरचे खोरे त्यात आतपर्यंत शिरते आणि समुद्राच्या बाजूला रुंद, सुपीक मैदाने आहेत. आपल्याकडे सह्याद्री भिंतीसारखा उभा. त्याच्या आणि समुद्राच्या मध्ये चिंचोळी पट्टी, तीत ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस आणि एक भाताचे पीक. एवढ्यावर मोठी फौज पोसली जात नाही. म्हणून राज्ये घाटावर झाली. पैठणचे सातवाहन असोत की अहमदनगरचे निजामशहा, किनाऱ्याच्या बंदरांचे धनी वर बसत.

पण जमिनीने जे नाकारले ते वाऱ्याने दिले. भूमध्य समुद्र हिवाळ्यातल्या वादळांमुळे बंद होई, आपला समुद्र पावसाळ्यात बंद होतो. मात्र अरबी समुद्रावरचा वारा ठरलेल्या महिन्यांत दिशा बदलतो. अरब खलाशी या ठरलेल्या काळाला 'मौसिम' म्हणत. आपला 'मोसमी' आणि इंग्रजांचा 'मान्सून' दोन्ही तिथूनच आले. हा वारा धरून इजिप्तमधून रोमन साम्राज्याची जहाजे भारताकडे येत. स्ट्रॅबो या लेखकाने एकाच बंदरातून वर्षाला १२० जहाजे निघत असल्याचे लिहिले आहे. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापाऱ्याच्या प्रवासपुस्तकात 'सेमुल्ला' बंदराचे नाव येते. ते म्हणजे कुंडलिकेच्या मुखाजवळचे आपले चौल. बोरघाट चढून गेले की कार्ल्याची लेणी लागतात. तिथल्या खांबांवर 'यवन' दात्यांची नावे कोरलेली आहेत.

रोम खचले, वारा मात्र वाहतच राहिला. हिजरी ३०४ मध्ये, म्हणजे इ.स. ९१६ च्या सुमारास, बगदादचा इतिहासकार अल-मसऊदी चौलला आला. तो या गावाला 'सैमूर' म्हणतो. शिलाहार राजा झंझ याच्या राज्यातल्या या बंदरात त्याला सुमारे १०,००० मुसलमान राहताना दिसले: सिराफ, ओमान, बसरा, बगदादहून आलेले, आणि इथेच जन्मलेलेही. इथे जन्मलेल्यांना तो 'बयासिरा' म्हणतो. त्यांचे आपसातले व्यवहार पाहायला राजाने त्यांच्यातलाच एक प्रमुख नेमला होता. ही गोष्ट मी मुलांना आवर्जून सांगतो. आपल्या घराघरांतून आज मुले मस्कतला, दुबईला जातात, ती वाट नवी नाही. त्याच वाऱ्याची आहे.

नदी वाट देते तशी ती गाळही आणते. टायबरच्या मुखावरचे ऑस्टिया हे रोमचे बंदर. आज त्याचे अवशेष समुद्रापासून सुमारे तीन किलोमीटर आत पडले आहेत. चौलची खाडीही गाळाने उथळ झाली, मुंबई वाढली आणि बंदराचा बाजार उठला. पेणच्या बैलांची मिठाची वाटही १८६३ मध्ये बोरघाटातून रेल्वे वर चढल्यावर ओसरली. आता रोह्याला ओळख आहे ती धाटावच्या कारखान्यांमुळे आणि कोकण रेल्वे तिथून सुरू होते म्हणून.

तरी भूगोलाने आपला हात काढलेला नाही. पेणच्या खारेपाटात भातशेती उभी आहे ती बांधाच्या जिवावर. पूर्वी शिलोत्रीच्या पद्धतीत बांध घालणे आणि राखणे ही गावातल्या ठरलेल्या लोकांची जबाबदारी असे. दरवर्षी उन्हाळ्यात माती चढे, उघाड्यांची डागडुजी होई. १९४८ च्या खारजमीन कायद्यानंतर हळूहळू हे काम सरकारकडे गेले. शेतीतून माणसे कमी झाली, कोणी कारखान्यात गेले, कोणी आखातात, आणि बांधावर माती टाकायला घरातले हात उरले नाहीत. उधाणाला बांधाला खांड पडली की खारे पाणी शेतात शिरते, आणि पुढची दोन-तीन वर्षे तिथे भात धड होत नाही. काही ठिकाणी शेते तशीच राहून त्यांत तिवरे उगवली आहेत. अमावास्या-पौर्णिमेच्या भरतीला खारेपाटातली जुनी माणसे आजही आधी बांधाकडे फेरी मारून येतात आणि मग जेवायला बसतात.