खिशातली चूल आणि कोयनेचे खोरे

कोयनानगर परिसरात आपत्तीच्या वेळी स्वयंपाकाचा प्रश्न दोन वेगळ्या रूपांत उभा राहतो. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेसारख्या भूकंपात घरासोबत चूल आणि कोरडे सरपण ढिगाऱ्याखाली जाते व माणसांना ऐन थंडीत उघड्यावर राहावे लागते. तर जुलै २०२१ मध्ये पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव आणि ढोकावळे येथे दरडी कोसळल्या, तशा अतिवृष्टीत रस्ते तुटतात, गॅसचा सिलिंडर पोहोचत नाही आणि ओले लाकूड नुसते धुमसत राहते. घन इंधनाच्या छोट्या चुलींची उपयुक्तता या खोऱ्यात ठरवायची ती या दोन्ही कसोट्यांवर.

यांतली सर्वांत लहान चूल गिर्यारोहकांना आणि सैनिकांना परिचित आहे. पत्र्याची, घडी घालून खिशात मावणारी ही चूल हेक्झामिनच्या पांढऱ्या वड्यांवर चालते. हेक्झामिन हा फॉर्मॅल्डिहाइड आणि अमोनिया यांच्या संयोगातून मिळणारा स्फटिकरूप पदार्थ असून, जर्मनीत एरिक शुम यांनी १९३६ मध्ये त्याच्या वड्या ‘एस्बिट’ या नावाने प्रचारात आणल्या. १४ ग्रॅमची वडी सुमारे १२ मिनिटे जळते आणि वाऱ्याला आडोसा असेल, तर तेवढ्यात अर्धा लिटर पाण्याला आधण येते. वडी वितळून सांडत नाही, राखही जवळजवळ उरत नाही; मात्र आच कमी-जास्त करता येत नाही, आणि हेक्झामिन पाण्यात सहज विरघळत असल्यामुळे कोयनेच्या पावसात हवाबंद वेष्टनाविना ते ठेवण्यात अर्थ नाही. वडी पोटात गेल्यास अपायकारक असते, तसेच तिच्या अपुऱ्या ज्वलनातून विषारी वायू निघतात. त्यामुळे तिच्या ज्योतीवर भाकरी थेट भाजणे वर्ज्यच समजावे. चहा आणि तयार अन्न गरम करणे, एवढीच तिची खरी मर्यादा, आणि दुकानातून आणलेल्या आपत्कालीन पेटीत ती दिसली म्हणून कुटुंबाची सोय झाली, असे मानणे भाबडेपणाचे आहे.

कुटुंबासाठी अधिक विचारपूर्वक केलेली रचना पुण्याच्या ‘आरती’ या संस्थेची आहे. डॉ. आनंद कर्वे यांनी स्थापन केलेल्या या संस्थेने उसाच्या पाचटाचा कोळसा करून, त्याची पूड बंधक द्रव्यात मळून कांड्या पाडण्याचे तंत्र विकसित केले व त्यासाठी तिला २००२ मध्ये ॲश्डेन पुरस्कार मिळाला. या कांड्यांवर चालणाऱ्या ‘सराई’ कुकरमध्ये साधारण १०० ग्रॅम कोळशावर पाच माणसांचा वरण-भात व भाजी वाफेवर शिजते, कारण भांडी एकावर एक रचून बाहेरच्या आवरणात बंद केलेली असल्याने उष्णता वाया जात नाही. धूर देणारे वायुरूप घटक कोळसा करतानाच निघून गेलेले असतात, म्हणून पेटल्यानंतर कांडी धुराविना जळते. सातारा आणि सांगली हे उसाचे जिल्हे असल्याने कच्चा मालही दूरचा नाही.

धूर नसणे हाच मात्र या इंधनाचा मोठा धोका आहे. जळत्या कोळशातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड रंगहीन व गंधहीन असतो आणि तो रक्तातील हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा कितीतरी घट्टपणे चिकटतो. परिणामी, डिसेंबरच्या थंडीत ऊब मिळावी म्हणून तंबू किंवा पत्र्याची शेड बंद करून आत कोळसा पेटता ठेवणाऱ्यांना श्वास कोंडल्याची जाणीव होण्याआधीच गुंगी येते. स्वयंपाक आटोपताच निखारे बाहेर नेऊन पाण्याने विझवावेत आणि आडोसा एका बाजूने उघडा ठेवावा.